हाताची हाक

आमच्या घरात गुपित टिकत नाही, कारण आमच्या ह्यांच्याशी कुजबुजता येत नाही. तीस वर्षं सॉ मिलमध्ये करवतीशेजारी उभं राहून ह्यांचा उजवा कान पार गेलाय, आणि डावा मर्जीप्रमाणे चालतो. मी स्वयंपाकघरातून मीठ संपल्याचं सांगितलं की शेजारीण वाटीभर मीठ घेऊन येते आणि हे तसेच पेपर वाचत बसलेले असतात. भांडण करायचं तर दोनदा करावं लागतं, एकदा साध्या आवाजात आणि एकदा ओरडून. दुसऱ्या वेळेपर्यंत माझा राग निघून गेलेला असतो, म्हणून आमचा संसार बरा चालला असं माझं मत आहे.

हे आमच्या संघाचे खांब. संघ रस्सीखेचीचा. रस्सीखेच म्हटलं की लोक हसतात, त्यांना शाळेतल्या स्पर्धा आठवतात. हसू दे. आमच्याकडे दर हिवाळ्यात अकरा संघांची लीग होते, एका बाजूला आठ माणसं, हाताच्या मनगटाएवढी जाड दोरी, आणि तीनपैकी दोन वेळा ओढेल तो जिंकला. सगळ्यात शेवटचा माणूस म्हणजे खांब. दोरी त्याच्या काखेतून पाठीवर आणि पाठीवरून खांद्यावर येते. पुढचे सात जण दमले तरी चालतं, खांबाची टाच उचलली की सामना संपला.

मी हाक देणारी. पेशाने शिवणकामवाली, दिवसभर मशीनवर वाकलेली, पण मैदानावर आठ माणसं माझ्या तोंडाकडे कान लावून असतात. मी 'धरा' म्हटलं की सगळे जागच्या जागी घट्ट. 'ओढा' म्हटलं की आठ टाचा एकदम मागे. आठ जणांचा जोर एकाच क्षणी पडला तर तो जोर, नाहीतर नुसती धडपड. आता खांबालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर काय करणार? म्हणून पहिल्याच वर्षी आम्ही दोघांनी हाताची भानगड ठरवली. उजवा हात वर, म्हणजे धरा. हात खाली पडला, म्हणजे ओढा. सातजण शब्दावर ओढतात, आमचे हे हातावर. शब्द आणि हात एकाच क्षणी पडायला हवेत, आणि एकवीस वर्षांत ते एकदाही मागेपुढे झाले नाहीत. बाकीच्यांना ही भानगड माहीत आहे, पण ओढताना त्यांची मान मागे आणि नजर आभाळात असते. हात फक्त ह्यांना दिसतो.

साथीच्या वर्षी लीगचं पत्र आलं. सामने घ्यायचे की नाहीत, प्रत्येक संघाने रविवारपर्यंत कळवा. सहा संघ हो म्हणाले तर हंगाम होईल, नाहीतर यंदा रद्द. दोन दिवसांत फोनाफोनी होऊन चित्र स्पष्ट झालं. पाच संघ हो म्हणाले, पाच नाही. उरलो आम्ही.

माझं मत विचाराल तर मी पहिल्या दिवसापासून खेळा म्हणणारी. ह्यांच्या गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले होते, फार तर आणखी एक हिवाळा, मग दोरी सोडा. म्हणजे हाच शेवटचा. आणि आदल्या वर्षी आम्ही अंतिम सामना हरलो होतो तो ह्यांची टाच घसरली म्हणून. चार बोटांनी हरलो. ती चार बोटं ह्यांनी वर्षभर कुणाला विसरू दिली नाहीत. जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायचे, "अगं, माती ओली होती तिथे." मी म्हणायची, "हो, ओली होती." सगळं बंद होतं तेव्हा ह्यांनी घरामागच्या झाडाला दोरी बांधली आणि रोज सकाळी झाडाला ओढत बसले. झाड जिंकलं, पण ह्यांची तब्येत सुधारली. हे नुसते घरात बसले असते तर मी वेडी झाले असते. तेव्हा पत्र आल्या आल्या मीच ओरडून म्हटलं होतं, "खेळायचं! मोकळं मैदान आहे, दोरी लांब आहे, काही होत नाही!" शेजारणीनेही खिडकीतून मान डोलावली होती.

गुरुवारी दुपारी पोस्टमनची बायको आली. पोस्टमन आमच्या दोरीवरचा पहिला, समोरच्या संघाच्या तोंडासमोर उभा राहणारा. ती दारातच थांबली, आत ये म्हटलं तरी येईना. उन्हाळ्यानंतर मी तिला पाहिलंच नव्हतं. अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाचे असावेत असे लोंबत होते, आणि कपाळापर्यंत स्कार्फ घट्ट बांधलेला. मी कपडे मापणारी बाई, मला काय ते तिने सांगायच्या आत कळलं.

"वहिनी, टोप्या शिवून हव्यात," ती म्हणाली. "मऊ कापडाच्या. आतून शिवण टोचायला नको."

"किती?"

"तीन. एक धुवायला, एक वाळत, एक डोक्यावर." आणि हसली. "केमोचं तिसरं औषध परवा झालं. अजून पाच आहेत. डॉक्टर म्हणतात, बाकी सगळं होईल, पण साधी सर्दीसुद्धा लागायला नको. अंगात लढायला काही उरलेलं नाही."

मी टेप घेऊन उठले तर ती मागे सरकली. "माप मी कागदावर आणलंय. माझं मीच घेतलं."

मग हळूहळू सगळं निघालं. पोस्टमन चार महिने बाहेरच्या खोलीत झोपतो. पत्रं वाटून आला की अंगणातच कपडे बदलतो. चहा करून तिच्या दाराशी ठेवतो, टकटक करतो आणि सहा पावलं मागे जाऊन उभा राहतो. ती आतून पिते, तो बाहेरून, आणि दोघं दाराच्या फटीतून गप्पा मारतात.

"आणि हा माणूस दोरीला हात लावणार?" माझा आवाज चढला. "सोळा माणसं एकमेकांच्या तोंडावर धापा टाकणार, मी वरून ओरडणार—"

"मीच सांगितलंय त्यांना. रविवारी हात वर करायचा." ती दाराच्या चौकटीला टेकली. "वहिनी, त्यांच्यामुळे हंगाम बसला तर कारण विचारतील सगळे. मग मी आजारी आहे हे गावभर. येणारा जाणारा कीव करत बघणार. मला ते नकोय. आणि दादांचं शेवटचं वर्ष आहे ना? आमच्या घराचं छत उडालं तेव्हा दादा सॉ मिलमधून फळ्या खांद्यावर घेऊन आले होते. त्यांचं शेवटचं वर्ष माझ्यामुळे जायला नको. तुम्ही कुणाला सांगणार नाही. दादांनाही नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. का दिला कोण जाणे. समोर एवढंसं तोंड करून कुणी उभं राहिलं की माझ्यातली कडक बाई कुठे पळून जाते कळत नाही. ती गेल्यावर मी टोप्यांचं कापड कापायला घेतलं आणि स्वतःलाच चार शिव्या हासडल्या. ह्यांना सांगायची सोय नव्हती. ह्यांना गुपित सांगायचं म्हणजे चौकात भोंगा लावण्यासारखं. चिठ्ठी लिहून दिली असती, पण हे चिठ्ठ्यासुद्धा मोठ्याने वाचतात.

रविवारी सकाळी मैदानावर सभा भरली. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, तोंडाला मास्क, त्यामुळे प्रत्येकजण ओरडूनच बोलत होता. ह्यांना फारच बरं वाटलं. म्हणाले, आज पहिल्यांदा सगळे नीट बोलतायत.

सुरुवात मास्तरांनी केली. मास्तर शाळेत गणित शिकवतात, बोलताना हवेत आकडे लिहितात. "प्रश्न आपल्या आठ जणांचा नाही," ते म्हणाले. "अकरा संघ, प्रत्येकाची आठ घरं, प्रत्येक घरात चार माणसं. करा गुणाकार!"

"मास्तर, रविवारी गुणाकार कसले सांगताय?" बेकरीवाला म्हणाला. "मी रोज शंभर माणसांना पाव विकतो. नळवाला रोज पाच घरांत शिरतो. आम्हाला कुणी विचारतं का, बाबा तुझा हंगाम चालू ठेवू की बंद? काम चालतं आणि खेळ चालत नाही? रोग काय खेळाच्याच वासावर येतो?"

"काम पोटासाठी आहे," नळवाला म्हणाला. "नळ फुटला तर जावंच लागतं. दोरी ओढली नाही म्हणून कुणाच्या घरात पाणी तुंबत नाही."

"माझ्या घरात तुंबलंय," ड्रायव्हर म्हणाला. सहा महिने त्याची बस डेपोत उभी होती. "सकाळी उठतो, दाढी करतो, गणवेश घालतो आणि खिडकीत बसतो. बायको म्हणते थांबा आला की सांगा. हसा, हसा. मला आठवड्यातून एकदा तरी कशाला तरी जोर लावू द्या हो."

हसणं थांबलं. 

मग स्ट्रेचरवाला बोलला. तो रुग्णालयात स्ट्रेचर ओढतो, दोरीवर बेकरीवाल्याच्या मागे असतो आणि एरवी दिवसाला दहा शब्द बोलतो. "मी वरच्या मजल्यावर नेतो माणसं," तो म्हणाला. "नेताना बोलतात माझ्याशी. आणताना सगळी नसतात बोलत." एवढं बोलून त्याने मास्क पुन्हा नाकावर ओढला. बेकरीवाल्याने पुढचा मुद्दा तयार ठेवला होता, तो त्याने गिळला.

"आणि दादाचा गुडघा?" विचारणारे माझे धाकटे दीर, आमचे भावजी. "थंडीत महिनाभर सराव नाही, एकदम सामना. मी नाही म्हणणार. दादाला राग आला तर येऊ दे."

"काय म्हणतो हा?" ह्यांनी मला विचारलं.

"तुमच्या गुडघ्याची काळजी करतायत!" मी ओरडले.

"त्याला म्हणावं स्वतःच्या पोटाची कर."

पोस्टमन कडेच्या खुर्चीत बसला होता, सगळ्यांपासून जरा जास्तच लांब. मी वाट पाहत होते, आता बोलेल, मग बोलेल. शेवटी माझाच धीर सुटला. उभी राहून म्हटलं, "एक वर्ष थांबलं तर काय बिघडतं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. ड्रायव्हरने ह्यांच्या डाव्या कानाशी जायला नको म्हणून सहा फुटांवरून बोंब मारली, "दादा, वहिनी म्हणतायत थांबा!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "परवा तर म्हणत होतीस खेळायचं."

"विचार बदलला."

"का?"

उत्तर कडेच्या खुर्चीत मान खाली घालून बसलं होतं. "असाच," मी म्हटलं, आणि स्वतःच्या कानांनाही ते पटलं नाही. मास्तरांनी नियमाची आठवण करून दिली की हाक देणाऱ्याला मत नसतं, कारण हाक आठही जणांची असते. नियम मीच केला होता.

हात वर झाले. खेळायचं म्हणणारे हे, बेकरीवाला, ड्रायव्हर. आणि पोस्टमन. त्याचा हात कोपरातूनच वर आला, खांद्यातून आला नाही. चार. नाही म्हणणारे मास्तर, नळवाला, स्ट्रेचरवाला, भावजी. चार.

आता आमच्या संघाची एक रीत सांगायला हवी. मतं सारखी पडली की आम्ही दोरी काढतो. गणवेशाचा रंग, सरावाची वेळ, कप कुणाच्या घरी ठेवायचा, सगळं असंच ठरलंय. चार विरुद्ध चार, तीनपैकी दोन, मध्ये उभी राहून हाक मी द्यायची, दोन्ही बाजूंना एकच हाक. निकाल लागला की पुन्हा तो विषय काढायचा नाही. बायकोसमोरही नाही.

भावजी दोरी आणायला गेले तेव्हा मास्तर म्हणाले, "म्हणजे, दोरी ओढणं धोक्याचं आहे की नाही हे आपण दोरी ओढून ठरवणार?"

सगळ्यांनी जरा विचार केला. त्यात वावगं काय आहे हे कुणालाच सांगता येईना, मास्तरांनासुद्धा नाही. ते बूट बांधायला बसले.

माझ्या गळ्यात शिवणकामाचा टेप होता, त्याने मी दोन माणसांत सहा सहा फूट मोजून दोरीवर खडूच्या खुणा केल्या. चार-चार जणांसाठी दोरी भरपूर लांब होती. माझ्या एका बाजूला पोस्टमन, ड्रायव्हर, बेकरीवाला आणि शेवटी हे. दुसऱ्या बाजूला मास्तर, नळवाला, स्ट्रेचरवाला आणि शेवटी भावजी. कोण जिंकणार हे मैदानाबाहेरच्या कुत्र्यालाही कळलं असतं. बेकरीवाला एकटा दोन मास्तरांना भारी आहे, आणि आमच्या ह्यांना तर कुणी अजून जागचं हलवलं नव्हतं, गेल्या वर्षीची चार बोटं सोडली तर.

पहिल्या वेळेला मी प्रामाणिकपणे हाक दिली. हात वर, "धरा!" हात खाली, "ओढा!" तीन हाकांत मास्तर रेघेवरून अलीकडे आले. हे हसत होते. मास्क होता, पण डोळ्यांत दिसतं. ह्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे गुडघा बरा आहे.

पोस्टमनने दोरी खाली ठेवली आणि तळहात पँटला पुसले. पुसतच राहिला. मला तो सहा पावलं मागे जाऊन उभा राहिलेला दिसला, हातात चहाचा कप घेतलेला. माझ्या मशीनवर अजून एक टोपी अर्धी पडली होती.

मी काही ठरवलं नव्हतं, असं म्हणता येईल. पण खोटं कशाला बोलू? दुसऱ्या वेळेला मी हात वर केला, "धरा!" म्हटलं, आणि हात खाली टाकला. शब्द टाकला नाही.

ह्यांनी हात पाहिला आणि सगळा जोर घेऊन मागे बसले, एकटेच. पुढचे तिघं अजून शब्दाची वाट पाहत होते. तो जोर तीन थंड माणसांत जिरून गेला. मी अर्धा श्वास थांबले. हे पाय नव्याने रोवायला उठले, टाच जमिनीवरून सुटली, आणि नेमकं तेव्हा मी म्हटलं, "ओढा!" पलीकडच्या चौघांनी एकदम ओढलं. असं आणखी दोनदा झालं आणि पोस्टमन रेघेच्या पलीकडे गेला.

"अरे, काय चाललंय मागे?" बेकरीवाला ओरडला. "दादा, झोपलात काय?"

ह्यांनी दोरी खांद्यावरून काढून पुन्हा नीट घातली. मग माझ्याकडे पाहिलं. एकवीस वर्षं हा माणूस माझ्या हातावर भरवसा टाकून जमिनीला पाठ लावत आला होता, आणि मी त्याच हाताने त्याला फसवलं होतं, तेही त्याच्या शेवटच्या हिवाळ्याच्या बाबतीत. मला वाटलं आता सगळ्यांसमोर विचारतील. विचारलं असतं तर मी रडले असते आणि सगळं बाहेर आलं असतं.

विचारलं नाही. पाय रोवले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. खांबाला हात दिसला नाही तरी अडत नाही. पुढच्यांनी ओढलं की दोरीतून झटका येतो, तो पाठीला कळतो. हात खोटा आहे हे कळल्यावर ह्यांना फक्त खाली बघायचं होतं आणि पाठीवर भरवसा टाकायचा होता. सामना ह्यांचा होता. हंगाम ह्यांचा होता. ती चार बोटं परत मिळवायची होती ना?

मी हात वर केला. "धरा!"

हे माझ्या डोळ्यांत बघत होते. हात मी खाली टाकला, शब्दावाचून.

आणि हे बसले. पूर्ण जोराने, झाडाला ओढायचे तसे, रिकाम्या हातावर बसले. मग टाच उचलली, आणि उचललेली ठेवली, माझा शब्द येईपर्यंत. "ओढा" म्हणताना माझा आवाज फाटला. पुन्हा हात, पुन्हा हे बसले. तिसऱ्या हाकेला पोस्टमन पलीकडे गेला आणि मास्तर गुडघ्यांवर बसून आनंदाने खोकले. मग खोकण्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली.

"दोरीने सांगितलं," हे म्हणाले, आणि दोरी गुंडाळायला लागले. पोस्टमन तसाच उभा होता, पलीकडच्या बाजूला, मास्क डोळ्यांपर्यंत ओढून. बेकरीवाल्याने त्याला लांबूनच सांगितलं, "अरे रडतोस काय, पुढच्या वर्षी आहेच की." मास्तरांनी तिथल्या तिथे लीगला फोन केला. यंदा आमचा संघ नाही. सहावा संघ मिळाला नाही आणि हंगाम रद्द झाला.

घरी आल्यावर ह्यांनी पायरीवर बसून बूट काढले. माती झटकली. मी दोन कप चहा घेऊन शेजारी बसले, डाव्या बाजूला.

"तुझा हात आधी पडला," हे म्हणाले.

"हो."

"तिसऱ्या वेळेलाही."

"हो."

"एकवीस वर्षांत चुकला नव्हता."

हे कपात फुंकर घालत राहिले. चहा निवला होता तरी.

"सांगता येण्यासारखं आहे?"

"नाही."

"मग राहू दे," हे म्हणाले. "तू उगाच करणार नाहीस." आणि चहा पिऊन उठले. गुडघा धरून उठले, ते मला दिसू नये म्हणून पाठ फिरवून. मागच्या दारी जाऊन झाडाची दोरी सोडली, गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. मी मशीनवर बसून तिसरी टोपी पुरी केली. दोनदा उसवावी लागली, डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं.

त्या वर्षभरात हे त्या रविवारबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ओली माती मात्र दोनदा निघाली. मी दोन्ही वेळा म्हटलं, हो, फार ओली होती.

पुढच्या हिवाळ्यात हंगाम झाला. खांबाच्या जागी बेकरीवाला आला, आणि त्याच्या जागी एक नवा मुलगा. पहिल्या सामन्याला हे माझ्या शेजारी उभे होते, घडीचं स्टूल घेऊन, कारण डॉक्टरांनी उभं राहायलाही बंदी घातली होती आणि बसायला ह्यांनी स्वतःच. बेकरीवाल्याला ऐकू येतं, त्यामुळे आता हाताची गरज नव्हती. तरी 'धरा' म्हणताना तो आपोआप वर जायचा.

पोस्टमनची बायको आली होती. आजार कुणाला सांगितलाच नव्हता, त्यामुळे विचारणारंही कुणी नव्हतं. डोक्यावर माझ्या हातची टोपी, हातात थर्मास. कपात चहा ओतून तिने ह्यांच्यापुढे धरला आणि डाव्या कानाशी वाकून म्हणाली, "दादा, तुमचं शेवटचं वर्ष राहूनच गेलं ना."

"गेलं तर गेलं," हे म्हणाले. "झाडानेच हरवलं होतं मला."

ती हसली. तेवढ्यात पोस्टमन हातातली दोरी सोडून धावत आला, तिच्या हातातला थर्मास घेतला, उन्हात का उभी राहिलीस म्हणाला आणि तिला सावलीत घेऊन गेला. जाताना वाऱ्याने टोपी उडाली. खाली बोटभर वाढलेले, नवे, लव्हाळ्यासारखे केस. पोस्टमनने टोपी उचलली, झटकली आणि मैदानासमोर, सगळ्यांच्या देखत, दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर ठेवली. नीट बसली का, ते जरा मागे होऊन पाहिलं. एकच पाऊल मागे.

ह्यांनी ते पाहिलं. टोपीकडे पाहिलं, तिच्या शिवणीकडे पाहिलं. वर्षापूर्वी त्याच कापडाचे तुकडे आमच्या घरभर पडले होते, ह्यांच्या मोज्यांनाही चिकटले होते. मग हळूहळू मान माझ्याकडे वळली.

मी समोर बघत राहिले. पोस्टमन दोरीवर परतला होता, संघ तयार होता, आठ माणसं हाकेची वाट पाहत होती.

हे माझ्या कानाशी वाकले आणि कुजबुजले. म्हणजे, ह्यांच्या मते ते कुजबुजणं होतं. पलीकडच्या संघातले आठही जण वळून बघायला लागले, पंचांनी शिट्टी तोंडातून काढली, आणि सावलीत बसलेल्या तिलाही ते नक्की ऐकू गेलं असणार, कारण तिने टोपीवर हात ठेवला.

"हात बरोबर पडला होता तुझा!"